सुधाकराची खाट

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर मराठीत इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालणाऱ्याने आपले प्रयोजन आधी सांगितलेले बरे. भाषेचे वैभव, सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद आणि शेवटच्या अंकातील करुणरसाचा अतिरेक यांची चर्चा कित्येक पिढ्यांच्या टीकाकारांनी केली आहे. ती पुन्हा करण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस या नाटकाला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. पाच अंकांत सुधाकराला उपदेश करणारे आहेत, त्याच्यासाठी रडणारे आहेत, त्याला हसणारे आहेत आणि त्याला पाजणारे तर आहेतच. परंतु या माणसाला कोठे तरी दाखल करून त्याच्यावर औषधोपचार केले पाहिजेत, असे म्हणणारा एकही का नाही?

असे विचारणे म्हणजे १९१९ सालच्या नाटककाराकडे आजचे रुग्णालय मागणे होय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार पुढे येईलच. तथापि ‘एकच प्याला’ हे केवळ १९१९ सालचे नाटक राहिलेले नाही. दारू पिणाऱ्या माणसाकडे कसे पाहावे, त्याच्या बायकोने काय सोसावे, मित्राने काय बोलावे आणि अखेर काय होणार, याचे एक चित्र या नाटकाने मराठी मनात इतके पक्के बसविले आहे की, ज्याने ते पाहिले वा वाचले नाही तोही नकळत त्याच चित्रानुसार वागतो. तळीराम या विशेषनामाचे सामान्यनाम झाले, यावरूनच ही सत्ता ध्यानात यावी. ज्या कलाकृतीची सत्ता एवढी मोठी, तिच्यातील उणिवेची किंमतही घरोघरी द्यावी लागते.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले. त्यानंतर महिना भरण्यापूर्वीच, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली होती; सुधाकराची भूमिका गणपतराव बोडस यांनी आणि सिंधूची बालगंधर्वांनी केली. त्या काळच्या गायकवाडी राजधानीत जन्मलेला हा प्रयोग पुढे जेथे जेथे मराठी माणूस वसला तेथे तेथे गेला. गोमंतकात तर संगीत नाटक हे देवळाच्या उत्सवाचेच अंग. जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की प्रांगणातील रंगमंचावर गावचे हौशी नट उभे राहत. म्हणजे दारूच्या दुष्परिणामांचे हे आख्यान आमच्या समाजाने कित्येकदा देवाच्या दारातच ऐकले आहे. कीर्तनाला बसावे त्याच भावाने लोक त्यास बसले आणि डोळे पुसून घरी गेले. घरी जाऊन त्यांनी काय करावे, हे मात्र त्या आख्यानात नव्हते.

आता नाटकाकडे वळू. सर्वसाधारण समजूत अशी की, प्याल्याला एकदा ओठ लागले म्हणजे सुटका नाही, हा या नाटकाचा सिद्धान्त आहे. परंतु नाटकात पिणारे प्रमुख पुरुष तीन आहेत आणि तिघांची गती तीन प्रकारची आहे. तळीराम पितच राहतो आणि पिण्यानेच मरतो. प्रेमभंगाच्या दुःखाने प्यावयास लागलेला भगीरथ रामलालाच्या सहवासात दारू सोडतो आणि लोकसेवेकडे वळतो. सुधाकर मध्यंतरी सोडतो, पुन्हा धरतो आणि बायकोमुलासह सर्वनाशाला जातो. तेव्हा सुटका नाही असे नाटकातील घटना म्हणत नाहीत. तसे सुधाकर म्हणतो. पात्राच्या निराशेला नाटककाराचा सिद्धान्त समजण्याची चूक प्रेक्षकांनी केली, आणि ती व्हावी इतके बळ गडकऱ्यांनी त्या निराशेच्या भाषेत भरले. भगीरथ सुटला, हे घरी जाताना कोणाच्याही लक्षात राहत नाही.

सुधाकराचे पुन्हा पिणे हे आमच्या मते या नाटकातील सर्वांत खरे स्थळ आहे. न्यायालयातील खटक्यापायी त्याची सनद गेलेली; दुखावलेला मान, रिकामा वेळ आणि उशाशी तळीराम, अशा स्थितीत त्याचे पिणे सुरू झाले. पुढे तो निश्चयाने दारू सोडतो. निश्चय खोटा नाही. तो काम मागावयास प्रतिष्ठितांच्या दारी जातो. तेथे त्याच्या सुटलेल्या व्यसनाचे कोणास कौतुक नसते; गेलेल्या अब्रूची आठवण मात्र सर्वांस असते. त्या अवहेलनेतून तो थेट प्याल्याकडे परततो. व्यसनमुक्तीचे काम करणारे आजचे वैद्य हेच सांगतात. दारू थांबविणे ही पहिली पायरी असून पुढचे काही महिने सर्वांत नाजूक असतात. त्या काळात काम, संगत आणि देखरेख नसेल तर निश्चयी माणूसही घसरतो. आणि घसरणे हे मधुमेहात साखर पुन्हा वाढावी तसे या आजाराचे लक्षण आहे, नालायकीचा पुरावा नव्हे. गडकऱ्यांनी हे वैद्यकाचा आधार न घेता केवळ माणसाकडे पाहून ओळखले. या एका प्रवेशासाठी त्यांना मानाचा मुजरा केला पाहिजे.

परंतु येथेच उणीव सुरू होते. रामलाल हा विलायत पाहून आलेला, सुशिक्षित आणि सच्चा मित्र. त्याच्याजवळ काय आहे? शब्द आहेत. सिंधूजवळ काय आहे? सोसणे आहे. माहेरची मदत नाकारून ती दळण दळते, पतीच्या हातून प्राणघातक इजा झाल्यावरही पोलिसांपुढे त्याला वाचविण्यासाठी खोटे बोलते. संपूर्ण नाटकात दारूवर दोनच औषधे चालविली जातात, वक्तृत्व आणि त्याग. दोन्ही अत्युच्च दर्जाची आहेत आणि दोन्ही निष्फळ ठरतात. त्यांच्या निष्फळतेतून प्रेक्षकाने काढावयाचा निष्कर्ष हा होता की, औषधच चुकले. प्रेक्षकाने काढला तो निष्कर्ष असा की, रोगी असाध्य आहे.

आणि खरा वैद्य? तो नाटकात येतो, पण तळीरामाच्या अंथरुणाशी, आणि हसे करून घेण्यासाठी. वैद्यबुवा आणि डॉक्टर यांची जुंपते, मरणारा बाजूला राहतो आणि प्रेक्षागृह खदखदून हसते. विनोद म्हणून प्रवेश उत्तम आहे. तथापि साऱ्या नाटकात चिकित्सा म्हणून जे काही रंगमंचावर येते ते हेच. गंभीर प्रवेशांत वैद्यक नाही आणि वैद्यकाच्या प्रवेशात गांभीर्य नाही. पिणाऱ्याला डॉक्टरकडे नेणे म्हणजे एक तर हास्यास्पद किंवा उशिराचे, ही भावना आमच्या घरांत आजही दिसते. तिची मुळे आणखीही असतील, परंतु या प्रवेशाने त्यांस पाणी घातले हे नाकारता येणार नाही.

आता त्या रास्त आक्षेपाकडे. १९१९ साली रामलालाने सुधाकराला न्यावे तरी कोठे? ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा चालू होता. त्या कायद्यान्वये वेड्यांच्या इस्पितळाचे दार उघडे, पण तेथे जाणे म्हणजे माणसाच्या नावावर कायमचा शिक्का. साध्या रुग्णालयांत दारुड्यास खाट देण्याची पद्धत नव्हती. ही स्थिती केवळ आमच्याकडे होती असेही नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन नावाचे शहर आहे. तेथील सेंट थॉमस रुग्णालयात १९३९ च्या ऑगस्टात सिस्टर इग्नेशिया या जोगिणीने डॉक्टर बॉब स्मिथ यांच्या सांगण्यावरून एका मद्यासक्ताला दाखल करून घेतले. रुग्णालयाचे धोरण आड येत होते म्हणून नोंदीत आजार लिहिला तो जठराच्या दाहाचा. आणि रोग्याला ठेवले ते फुले मांडण्याच्या खोलीत. एका माणसाला खाट मिळावी म्हणून एका धर्मनिष्ठ बाईला दाखल्यावर दुसऱ्या रोगाचे नाव घालावे लागले, ही गोष्ट ‘एकच प्याला’ रंगमंचावर येऊन वीस वर्षे झाल्यानंतरची आहे. अमेरिकन वैद्यक संघाने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले ते १९५६ साली. तेव्हा गडकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दोष आमचा आहे. खाटा झाल्या, औषधे आली, कायदा बदलला. आम्ही मात्र अजून रामलालाचेच भाषण करीत आहो.

या ठिकाणी आमच्या वाचकांशी थोडे स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. दारू सोडविण्याचा आमच्या समाजातील सर्वांत जुना व आदरणीय मार्ग म्हणजे देवापुढे शपथ. गोव्यात देवळात गाऱ्हाणे घालून, नारळ ठेवून दारू सोडतात; देशावर पंढरीची माळ घालून सोडतात. या मार्गाने कितीतरी माणसे सुटली आहेत आणि त्या शपथेची टवाळी करणाऱ्यांत आम्ही नाही. परंतु एक गोष्ट शपथ देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने जाणून घेतलीच पाहिजे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज, सकाळपासून, भरपूर पीत आला आहे, त्याने एका दिवसात दारू पूर्ण बंद करणे हे त्याच्या शरीराला धोक्याचे असते. मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेऊन सतत चेतलेला राहावयास शिकलेला असतो; दारू काढून घेतली की तो चेव मोकाट सुटतो. शेवटच्या प्याल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिटचे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे बोलावतात, माणूस दिवस-रात्र विसरतो, ताप चढतो, नाडी धावते. इंग्लंडातील थॉमस सटन यांनी १८१३ सालीच या अवस्थेचे वर्णन डिलीरियम ट्रेमेन्स या नावाने केले. उपचार न झाल्यास यात माणूस दगावतो.

आता हेच आमच्या घरात कसे दिसते ते पाहा. सोमवारी देवळात शपथ झाली. बुधवारी रात्री माणूस ओरडू लागला, अदृश्य कोणाशी बोलू लागला. घरची माणसे म्हणतात, शपथ मोडण्याचा विचार मनात आला म्हणून देव कोपला. शेजारी म्हणतात, बाधा झाली. कोणी कौल घ्यावयास धावतो, कोणी अंगारा आणतो, कोणी दाराला कडी घालतो. आणि जो अनुभवी असतो तो म्हणतो, थोडी पाजा, म्हणजे शांत होईल. तो शांत होतो, शपथ मोडते, आणि सर्वजण मान हलवून म्हणतात की याचे काही खरे नाही. वस्तुतः त्या माणसाचा निश्चय हरलेला नसतो. त्याच्या मेंदूला त्या रात्री जे औषध हवे होते ते कोणी दिलेले नसते. शपथेचा मुहूर्त आणि रुग्णालयात दाखल होण्याचा दिवस हे दोन्ही एकच असते, तर त्या शपथेला चार दिवस तग धरता आला असता.

रुग्णालयात या दिवसांत होते तरी काय? काहीही गूढ नाही. नाडी, रक्तदाब, कंप, ताप यांची दर काही तासांनी नोंद होते. बेंझोडायाझेपीन गटातील औषध सुरुवातीला पुरेशा मात्रेत देऊन साधारण आठवड्याभरात उतरवीत नेतात, म्हणजे मेंदूचा चेव हळूहळू शमतो. थायमिन हे जीवनसत्त्व सुईने देतात, आणि शर्करेचे सलाईन लावावयाचे तर त्याच्या आधी देतात. कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊन स्मृती जाऊ शकते. यकृत, साखर, क्षार तपासतात. बस इतकेच. पण हे इतकेच घरी करता येत नाही, आणि औषधाच्या दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून तर मुळीच करू नये. प्रत्येक पिणाऱ्याला दाखल करावेच लागते असेही नाही. ज्याचे पिणे मर्यादित आहे आणि घरी लक्ष देणारे माणूस आहे, त्याचे काम बाह्यरुग्ण विभागातून होते. परंतु ज्याला पूर्वी सोडताना फिट आली वा भ्रम झाला, ज्याला सकाळी पहिला घोट घेतल्याशिवाय हात स्थिर करता येत नाहीत, ज्याला कावीळ, हृदयविकार वा अन्य मोठा आजार आहे, जो जीव देण्याची भाषा करतो, किंवा ज्याच्याजवळ घरी कोणी नाही, त्याने दारू सोडावी ती रुग्णालयाच्या खाटेवर.

आणखी एक प्रकार नमूद केला पाहिजे. पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा, अशा जाहिराती भिंतींवर रंगविलेल्या दिसतात, आणि कित्येक सिंधू आमटीत पूड मिसळतात. डायसल्फिराम नावाचे एक औषध आहे. ते घेतलेल्याने दारू प्यायली तर तीव्र त्रास होतो, हे डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ साली जगापुढे मांडले. जाणून, समजून, वैद्याच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला ते उपयोगी पडते. चोरून दिलेले असेल तर तो बिचारा नेहमीप्रमाणे पितो आणि रक्तदाब कोसळून मरणाच्या दारी जातो. पूड कशाची आहे हे ठाऊक नसते तेव्हा तर धोका अधिकच. फसवून दिलेले औषध आणि फसवून पाजलेला प्याला यांत आम्हांस फार अंतर दिसत नाही.

मराठीत या प्रश्नाला पहिले भरीव उत्तर मिळाले ते नाटकातून नव्हे. पुण्यात १९८० नंतरच्या दशकात गर्द या विषाने तरुणांना गिळावयास सुरुवात केली. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. त्या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे केंद्र सुरू केले. ज्या आवाराचे नाव घेताच लोक कुचेष्टेने हसत, त्याच आवारात हे काम रुजले, हे विशेष. अवचटांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ हे पुस्तक आम्ही ‘एकच प्याला’च्या शेजारी ठेवून वाचावे असे म्हणतो. वाङ्मयीन तुलनेत गडकऱ्यांच्या भाषेपुढे अवचटांची साधी, बोलल्यासारखी भाषा फिकी वाटेल. पण सुधाकरासारखीच माणसे येथे पुन्हा भेटतात आणि यावेळी त्यांच्याभोवती उपदेशक नसून दिनक्रम असतो. सकाळी उठणे, कामाची वाटणी, औषध, गटातील बोलणे. आणि सिंधूसाठीही येथे जागा आहे. पत्नींचा वेगळा गट, नाव सहचरी. नवऱ्याचे पिणे लपविणे, त्याची देणी फेडणे, कचेरीत तो आजारी असल्याचे खोटे सांगणे, या सोसण्याला तेथे पातिव्रत्य म्हणत नाहीत. आजार लांबविणारी सवय म्हणतात आणि ती सोडावयास शिकवितात. सिंधूने पोलिसांपुढे सांगितलेल्या खोट्यावर रडलेल्या समाजाला ही गोष्ट कठोर वाटेल. पण तिच्यात सिंधूचा जीव वाचतो.

श्रद्धा आणि खाट यांत विरोध आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी मघा ज्यांचा उल्लेख आला त्या डॉक्टर बॉब स्मिथ यांचे सहकारी बिल विल्सन यांचे उदाहरण ध्यानात घ्यावे. या दोघांनी १९३५ साली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना सुरू केली. ईश्वराला शरण जाणे हे तिच्या मार्गातील एक मुख्य सूत्र आहे. त्या विल्सन यांना शरणागतीचा अनुभव आला तो १९३४ च्या डिसेंबरात, न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात, चौथ्यांदा दाखल झाल्यावर. म्हणजे तीन वेळा खाट व्यर्थ गेली आणि चौथ्या वेळी कामास आली. आमच्याकडे पहिल्याच खाटेनंतर माणूस पुन्हा प्याला की पैसे वाया गेले म्हणून सांगतात.

आता कायद्याविषयी, कारण दाखल करणे या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांपुढे अजून १९१२ सालचेच दार येते. आज लागू आहे तो २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. मद्य व मादक द्रव्ये यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्यात मानसिक आजारात धरल्या आहेत. ज्याला आपल्या दाखल होण्याचा अर्थ समजतो तो स्वतःच्या अर्जावर दाखल होऊ शकतो, आणि घरी जावयाचे म्हटल्यास साधारणतः त्याला अडवून ठेवता येत नाही. निरीक्षणासाठी जास्तीत जास्त चोवीस तास थांबविता येते. ज्याची समज त्या वेळी हरपली आहे आणि ज्याच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका आहे, त्याच्यासाठी त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो. दोन तज्ज्ञांनी, त्यांत एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासावे लागते. मुदत प्रथम तीस दिवसांपर्यंत. आणि त्याची खबर परीक्षण मंडळाला द्यावी लागते. रोग्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. हे मुद्दाम सांगतो ते दारूबंदी असलेल्या गुजरातेतील आमच्या बांधवांसाठी, जे पोलिसांच्या धास्तीने रुग्णालयाची पायरी चढत नाहीत. साखळदंडाने बांधणे कायद्याने मना आहे. तेव्हा जेथे माणसाला फसवून उचलून नेतात, डांबतात, मारतात, नातेवाइकांस भेटू देत नाहीत आणि जेथे डॉक्टरचे नावही नाही, अशा व्यसनमुक्ती केंद्राची पावती हातात पडली म्हणजे उपचार झाला, असे समजू नये. नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ केव्हा येतो, पहिल्या आठवड्यातील औषधोपचार कोठे होतो, हे तीन प्रश्न दारातच विचारावे.

खाट मात्र किती थोड्यांना मिळते, याचा आकडा अस्वस्थ करणारा आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. मद्यावर अवलंबून झालेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणता तरी उपचार मिळाला. आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाला तो दर १८० जणांत एकाला. म्हणजे एकशे एकोणऐंशी सुधाकर आजही रामलालाच्या भाषणावर आहेत. खाटा अपुऱ्या आहेत हे खरे. परंतु असलेल्या खाटेपर्यंतही माणूस पोहोचत नाही, कारण तो रोगी आहे हे घराला सुचतच नाही. गोव्यात बांबोळीस मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. बेळगावकरांस धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद या प्रत्येक शहरात सरकारी मनोरुग्णालय आहे. कोठे जावे हे न कळल्यास १४४४६ हा केंद्र सरकारचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. 

म्हणून नाटक बदलावे, असे आमचे म्हणणे नाही. शोकान्तिकेला औषधपेटी जोडणे हा वाङ्मयावर अत्याचार होईल. सुधाकर मेलाच पाहिजे. त्याच्या मरणातच नाटकाचे सत्य आहे. टीकेचे काम एवढेच की, रंगभूमीवरील अटळ गोष्ट ही घरातीलही अटळ गोष्ट समजू नये, हे सांगावे. आणि देवस्थानांचे काम त्याहून सोपे आहे. शपथ द्यावयास बसलेल्या पुजाऱ्याने वा महाजनाने समोरच्या माणसाला दोन प्रश्न आधी विचारावे: रोज किती घेतोस, आणि न घेतल्यास सकाळी हात कापतात का? उत्तर होय असेल तर शपथ घ्यावी, प्रसाद द्यावा, आणि त्याच दिवशी देवस्थानच्या गाडीने त्याला रुग्णालयात पोहोचते करावे. परत आल्यावर त्याला देवळाच्या कामात काही तरी नेमणूक द्यावी, कारण काम न मिळाल्यानेच सुधाकर पुन्हा प्याला. आणि येत्या जत्रेत ‘एकच प्याला’चा प्रयोग होईल तेव्हा हस्तपत्रिकेवर नटांच्या नावांखाली जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि तो पाच आकडी क्रमांक छापावा. छपाईचा खर्च वाढत नाही.